पेपर क्रोमॅटोग्राफी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

शाळेचा प्रोजेक्ट असो, कॉलेजचं प्रॅक्टिकल असो की नुसती हौस, पेपर क्रोमॅटोग्राफी करायला घेतली की तेच तेच प्रश्न पडतात. ते सगळे इथे एका जागी घेतलेत. हवं तिथून वाचा, पण "दोन डाग एकाच उंचीवर आले तर" हा प्रश्न मात्र सोडू नका, कारण सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष तिथेच काढले जातात.

यात नेमकं होतं काय?

मिश्रणाचा एक छोटा ठिपका कागदाच्या खालच्या बाजूला द्यायचा आणि कागदाचं टोक सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात, बुडवायचं. सॉल्व्हंट कागदातून आपोआप वर चढतो आणि जाताना ठिपक्यातले पदार्थ सोबत घेऊन जातो, पण सगळ्यांना सारख्या वेगाने नेत नाही, म्हणून थोड्या वेळाने एका ठिपक्याचे वेगवेगळ्या उंचीवर तीन-चार डाग झालेले दिसतात. एवढंच आहे. ना यंत्र लागतं ना वीज, आणि तरी जे पदार्थ गाळून, उकळून किंवा चाळून कधीच वेगळे होणार नाहीत ते इथे वेगळे होतात, म्हणून ही पद्धत मला फार थोर वाटते.

पण पदार्थ वेगवेगळ्या वेगाने का जातात? जड असतात ते मागे राहतात का?

नाही. खेळ वजनाचा नाहीये, हा गैरसमज आधी काढून टाका. कागद म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोजच्या रेणूवर ओएच गट गच्च भरलेले असतात, त्यामुळे कागद हाताला कोरडा लागला तरी त्याने हवेतलं पाणी धरून ठेवलेलं असतं. धाग्यांना धरून बसलेलं हे पाणी जागचं हलत नाही, म्हणून त्याला स्थिर प्रावस्था म्हणतात, आणि जो सॉल्व्हंट वर चढतोय ती चल प्रावस्था. मिश्रणातला प्रत्येक रेणू या दोघांमध्ये सतत ये-जा करत असतो, क्षणभर पाण्यात थांबतो, क्षणभर सॉल्व्हंटबरोबर पुढे सरकतो, परत थांबतो. ज्याला पाणी जास्त मानवतं त्याचा जास्त वेळ थांबण्यात जातो म्हणून तो मागे राहतो, आणि जो सॉल्व्हंटमध्ये चांगला विरघळतो तो पुढे निघून जातो. म्हणजे सॉल्व्हंटबरोबर चालताना सगळ्यांचा वेग एकच असतो, फरक फक्त कोण किती वेळ थांबतो याचा.

सॉल्व्हंट म्हणून नुसतं पाणीच घेतलं तर मात्र चित्र थोडं बदलतं, तिथे रंगाचे रेणू थेट सेल्युलोजच्या धाग्यांना किती चिकटतात यावर जास्त अवलंबून असतं. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी कमी-जास्त प्रमाणात एकत्रच चालू असतात.

कागद कुठला घ्यायचा? साधा चालतो का?

लॅबमध्ये व्हॉटमन नंबर १ हा फिल्टर पेपर सगळ्यात जास्त वापरला जातो, त्याची जाडी आणि सच्छिद्रता सगळीकडे सारखी असते हे त्याचं मोठेपण. घरी करायचं तर कॉफी गाळायचा फिल्टर पेपर किंवा पांढरा टीपकागद बऱ्यापैकी काम देतो. टिश्यू पेपर नको, तो ओला झाला की लोंबतो आणि पाणी इतकं भसकन चढतं की रंग वेगळे व्हायला वेळच मिळत नाही. गुळगुळीत चकचकीत कागदावर थर दिलेला असतो, त्यात सॉल्व्हंट शिरतच नाही. लिहायच्या साध्या कागदावर थोडंफार काहीतरी होतं पण डाग फिसकटतात.

अजून एक, कागद बनतानाच त्याच्या धाग्यांना एक दिशा आलेली असते आणि त्या दिशेने सॉल्व्हंट जास्त वेगाने पळतो. त्यामुळे तुलना करायच्या सगळ्या पट्ट्या एकाच शीटमधून एकाच दिशेने कापा.

पहिल्यांदा करतोय, सगळं क्रमाने सांगा ना.

साधारण १५ सेंमी लांब आणि २-३ सेंमी रुंद पट्टी कापा, कागदाला शक्यतो कडेलाच धरा. खालच्या टोकापासून २ सेंमीवर पेन्सिलने हलकी आडवी रेघ मारा, दाबून नको, कागदाला चर पडली तर सॉल्व्हंट तिथे वेडावाकडा जातो. रेघेच्या मध्यावर मिश्रणाचा ठिपका द्या. त्यासाठी बारीक काचेची केशनळी उत्तम, नसेल तर टूथपिकचं टोक. ठिपका २-३ मिलीमीटरपेक्षा मोठा नको. रंग फिका वाटला तर तो पूर्ण वाळू द्या आणि त्याच जागी परत द्या, असं दोन-चार वेळा केलं की ठिपका लहान राहून गडद होतो. इथे घाई केलेली पुढे शेवटपर्यंत दिसते, कारण ठिपका जेवढा मोठा तेवढे पुढचे डागही मोठे आणि मग ते एकमेकांत घुसतात.

उंच ग्लासात किंवा बरणीत सुमारे १ सेंमी सॉल्व्हंट ओता, झाकण लावून थोडा वेळ ठेवा. मग पट्टी सरळ उभी लटकवा, फक्त टोक बुडेल आणि ठिपका सॉल्व्हंटच्या वर राहील अशी. पट्टी ग्लासाच्या भिंतीला टेकता कामा नये. परत झाकण लावा आणि मग हलवू नका. सॉल्व्हंट वरच्या टोकापासून १-२ सेंमी खाली असतानाच पट्टी बाहेर काढा आणि काढल्या काढल्या, म्हणजे अगदी त्याच क्षणी, सॉल्व्हंट जिथवर पोचला तिथे पेन्सिलने खूण करा. ही रेघ वाळली की दिसत नाही, आणि ती गेली की सगळं मोजमापच गेलं.

पेन्सिलच कशाला? पेनाने रेघ मारली तर?

पेनाची शाई स्वतःच रंगांचं मिश्रण असते, सॉल्व्हंट आला की रेघच वर चढायला लागते आणि तुमच्या डागांत मिसळते. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट कशातच विरघळत नाही, ते जागेवर राहतं. नावं, खुणा, नंबर, सगळं पेन्सिलनेच.

ठिपका सॉल्व्हंटमध्ये बुडला तर काय बिघडतं?

मिश्रण कागदावर चढण्याऐवजी सरळ खालच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळून जातं. मग कागदावर फिकट पसारा उरतो आणि तो सॉल्व्हंटही वाया जातो. नवी पट्टी, नवा सॉल्व्हंट, दुसरा इलाज नाही.

झाकण एवढं महत्त्वाचं आहे का?

हो, आणि बरेच जण इथेच कंटाळा करतात. बरणी उघडी असली की कागदावर चढलेला सॉल्व्हंट वाटेतच उडून जायला लागतो, त्यात मिश्र सॉल्व्हंट असेल तर जो घटक लवकर उडतो तो आधी जातो आणि वर पोचेपर्यंत सॉल्व्हंटचं प्रमाणच बदललेलं असतं. झाकण लावून आधी आतली हवा सॉल्व्हंटच्या वाफेने भरू दिली की चढाई एकसारखी होते. लॅबमध्ये तर बरणीच्या आतल्या भिंतीला सॉल्व्हंटमध्ये भिजवलेला फिल्टर पेपर लावून ठेवतात, म्हणजे वाफ लवकर भरते.

सॉल्व्हंट म्हणून नुसतं पाणी चालेल?

तुमचा पदार्थ पाण्यात विरघळतो का, यावर ठरतं. स्केच पेनची शाई आणि खाण्याचे रंग पाण्यात मस्त चालतात, खाण्याच्या रंगांसाठी पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं तर रंग बऱ्याचदा जास्त स्वच्छ वेगळे होतात. बॉलपेन आणि परमनंट मार्करच्या शाईला पाण्याने काही होत नाही, तिथे स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं.

सॉल्व्हंट निवडायचा नियम म्हणाल तर असा: सगळं खालीच बसून राहिलं तर सॉल्व्हंट त्या पदार्थांसाठी कमी पडतोय, आणि सगळं एकदम वर टोकाला जाऊन साचलं तर तो गरजेपेक्षा जास्त जोरदार आहे. दोन्ही वेळेला वेगळं काहीच झालेलं नसतं. मग दोन द्रव मिसळून प्रमाण बदलत बदलत मधला मार्ग शोधायचा. खरं कसब इथेच लागतं आणि ते वाचून येत नाही, चार-पाच प्रमाणं स्वतः करून बघावी लागतात.

काळ्या शाईतून निळा, गुलाबी, पिवळा हे सगळं येतं कुठून?

ते आधीपासून त्यातच असतं. काळा रंग मिळवायला कंपन्या अनेकदा दोन-तीन गडद रंग एकत्र करतात, एक रंग प्रकाशाचा एक भाग शोषतो, दुसरा दुसरा भाग शोषतो, आणि डोळ्यापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही म्हणून शाई काळी दिसते. प्रत्येक कंपनीचं मिश्रण वेगळं, त्यामुळे दोन काळे स्केच पेन लिहिताना सारखे दिसले तरी कागदावर त्यांचे पट्टे वेगळे निघू शकतात. हस्ताक्षराच्या किंवा कागदपत्रांच्या तपासात शाईची तुलना करतात ती याच तत्त्वावर.

आणि तुमचं पेन हललंच नाही तर निराश होऊ नका. काही काळ्या शाया कार्बनच्या बारीक कणांच्या असतात, काही जेल पेनांतही न विरघळणारी रंगद्रव्यं असतात. कण विरघळतच नाहीत तर जाणार कुठे, ठिपका तिथेच राहतो. ही पण एक माहितीच झाली की, ती शाई कुठल्या जातीची आहे ते कळलं.

पानातला हिरवा रंग खरंच अनेक रंगांचा असतो?

असतो, आणि माझ्या मते प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी करून बघावा असा हा प्रयोग आहे. हिरवीगार पानं बारीक तुकडे करून थोड्या ॲसिटोनमध्ये खलात घोटायची, गाळायचं, आणि तो गडद हिरवा अर्क ठिपक्या-ठिपक्याने कागदावर द्यायचा, इथे जरा जास्त वेळा द्यावा लागतो. घोटताना चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट टाकतात, कारण पान चिरडलं की त्यातली आम्लं बाहेर पडतात आणि आम्लामुळे हरितद्रव्याच्या मधलं मॅग्नेशियम निघून जातं, मग सुंदर हिरव्याचा मळकट तपकिरी होतो.

सॉल्व्हंट म्हणून कॉलेजमध्ये पेट्रोलियम ईथर ९ भाग आणि ॲसिटोन १ भाग घेतात. पाच-दहा मिनिटांतच पट्टे पडायला लागतात: सगळ्यात वर सॉल्व्हंटच्या टोकाजवळ केशरी-पिवळं कॅरोटीन, त्याखाली पिवळं झँथोफिल, मग निळसर हिरवं क्लोरोफिल ए आणि सगळ्यात खाली पिवळसर हिरवं क्लोरोफिल बी. आता गंमत बघा, क्लोरोफिल ए आणि बी यांच्या भल्यामोठ्या रेणूत फरक फक्त एका गटाचा आहे, ए मध्ये जिथे मिथिल गट आहे तिथे बी मध्ये अल्डिहाइड गट आहे. एवढ्याशा फरकाने बी जास्त ध्रुवीय, म्हणजे पाण्याकडे जास्त ओढला जाणारा, होतो आणि मागे राहतो, आणि तो फरक आपल्याला एका साध्या कागदावर नुसत्या डोळ्याने दिसतो!

घरी पेट्रोलियम ईथर मिळणार नाही आणि आणूही नका, ते भयंकर ज्वालाग्राही आहे. घरी स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरून निदान हिरवा आणि पिवळा एवढे दोन तरी पट्टे दिसायची चांगली शक्यता असते. शुद्ध ॲसिटोन सॉल्व्हंट म्हणून नको, त्यात सगळी रंगद्रव्यं टोकापर्यंत एकत्रच पळतात.

आरएफ कसा काढायचा?

आरएफ म्हणजे पदार्थ सॉल्व्हंटच्या तुलनेत किती वर गेला तो आकडा: पदार्थाने कापलेलं अंतर भागिले सॉल्व्हंटने कापलेलं अंतर. दोन्ही अंतरं पेन्सिलच्या सुरुवातीच्या रेघेपासून मोजायची, कागदाच्या टोकापासून नाही, आणि डागाचा मध्य धरायचा. समजा सॉल्व्हंट ८ सेंमी चढला, निळा डाग ६.४ सेंमीवर आहे आणि पिवळा ३.६ सेंमीवर, तर निळ्याचा आरएफ ०.८० आणि पिवळ्याचा ०.४५. हा आकडा ० आणि १ च्या मध्येच येतो, पदार्थ सॉल्व्हंटच्या पुढे जाऊच शकत नाही. १ पेक्षा मोठा आला तर मोजण्यात किंवा भागाकारात काहीतरी उलटं झालंय. याला एककही नसतं, सेंमीला सेंमीने भागलं की संपलं.

पुस्तकात दिलेला आरएफ आणि माझा आकडा जुळत नाही. प्रयोग चुकला का?

बहुतेक नाही. आरएफ हा वितळणबिंदूसारखा त्या पदार्थाचा पक्का गुण नाही, तो पदार्थ, कागद, सॉल्व्हंट आणि तापमान या सगळ्यांचा मिळून असतो. सॉल्व्हंटचं प्रमाण थोडं बदललं, खोली गार होती, कागद वेगळा होता, हवा दमट होती, बरणी वाफेने नीट भरली नव्हती, ठिपक्यात माल जास्त होता, यातल्या कशानेही आकडा सरकतो. एकाच खोलीत एकाच दिवशी दोन वेगळ्या बरण्यांत केलं तरी दुसऱ्या दशांशात फरक पडतो.

म्हणून पुस्तकातला आकडा फक्त अंदाजासाठी धरा, कोण वर असेल, कोण खाली, एवढं त्यातून कळतं. ओळख पटवायची असेल तर खात्रीचा नमुना त्याच कागदावर, त्याच रेघेवर, तुमच्या मिश्रणाच्या शेजारी लावा. मिश्रणात अमुक रंग आहे असा संशय आहे ना, मग तो शुद्ध रंग आणून शेजारी ठिपका द्या. दोघांना कागद तोच, सॉल्व्हंट तोच, तापमान तेच, म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या गडबडी दोघांना सारख्याच लागू होतात. शेजारी नमुना न लावता नुसत्या आरएफवरून नाव सांगणारा रिपोर्ट मी तरी मान्य करणार नाही.

दोन डाग एकाच उंचीवर आले तर पदार्थ एकच, बरोबर?

हा तो प्रश्न. उत्तर: नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. उंची वेगळी आली, तेही एकाच कागदावर आणि डाग नीट आलेले असताना, तर पदार्थ वेगळे आहेत असं बऱ्यापैकी छातीठोकपणे सांगता येतं. पण उंची सारखी आली तर इतकंच म्हणता येतं की ते एकच असू शकतात. "असू शकतात" आणि "आहेत" यात फार अंतर आहे.

उदाहरण घ्या. अमिनो आम्लांसाठी (प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक) ब्युटेनॉल, ॲसेटिक आम्ल आणि पाणी यांचं मिश्रण वापरतात, त्यात साधारण लायसीन ०.१४, ग्लायसीन ०.२६, अलानीन ०.३८, व्हॅलीन ०.६० असे आरएफ येतात आणि हे सगळे छान सुटे दिसतात. पण ल्यूसीन ०.७३ आणि आयसोल्यूसीन ०.७२! अणू तेवढेच, तेच, फक्त मांडणी वेगळी, आणि कागदावर दोघांचा मिळून एकच डाग पडतो. ज्याने फक्त तो एक डाग बघितला तो बिनधास्त "ल्यूसीन" लिहून मोकळा होणार.

मग खात्री कशी करायची? एक म्हणजे सॉल्व्हंट बदलून परत करा, अगदी वेगळ्या स्वभावाचा सॉल्व्हंट घ्या. दोन-तीन वेगळ्या सॉल्व्हंटमध्ये तुमचा पदार्थ आणि नमुना दर वेळी बरोबरीने चालले तर ते एकच असण्याची शक्यता खूप वाढते. दुसरं म्हणजे दोघं एकाच ठिपक्यात मिसळून चालवा, एकच असतील तर एकच गोल डाग येईल, वेगळे असतील तर डाग लांबट होईल किंवा फुटेल. तिसरं म्हणजे रंग बघा, फवारणी केल्यावर दोघांना तोच रंग येतो का, अतिनील दिव्याखाली दोघं सारखे चमकतात का. अन्न, औषध किंवा गुन्ह्याच्या तपासासारखी गंभीर गोष्ट असेल तर कागदावर थांबायचंच नाही, डाग कापून दुसऱ्या पद्धतीने पडताळायचा.

आणि हेही लक्षात ठेवा की एकच डाग आला म्हणजे पदार्थ शुद्ध आहे असंही नाही. कदाचित त्या सॉल्व्हंटमध्ये दोन पदार्थ सुटले नसतील, कदाचित दुसऱ्याला रंगच नसेल.

पदार्थाला रंगच नसेल तर दिसणार कसा?

आधी चालवायचं आणि मग दिसायला लावायचं. अमिनो आम्लांसाठी निनहायड्रीन फवारतात आणि कागद सुमारे १०० ते ११० अंशांवर काही मिनिटं तापवतात, की जांभळे डाग उठतात, फक्त प्रोलीनचा पिवळा येतो कारण त्याच्यातला नायट्रोजन वलयात अडकलेला असतो. साखरांसाठी ॲनिलीन थॅलेट वापरतात, ग्लुकोजसारख्या साखरा तपकिरी दिसतात आणि पाच कार्बनवाल्या लालसर. बऱ्याच सेंद्रिय पदार्थांना बंद बरणीत आयोडीनच्या वाफेत ठेवलं की तात्पुरते पिवळे-तपकिरी डाग दिसतात, ते उडून जायच्या आत पेन्सिलने गोल करून ठेवायचे. काही पदार्थ अतिनील दिव्याखाली चमकतात किंवा काळपट दिसतात.

धातूंचे आयनही असे वेगळे करता येतात. ॲसिटोन, पाणी आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या सॉल्व्हंटमध्ये लोह जवळजवळ टोकापर्यंत जातं, कोबाल्ट मध्ये कुठेतरी थांबतं आणि निकेल खालीच रेंगाळतं, मग अमोनियाची वाफ देऊन डायमिथिलग्लायऑक्झाइम लावलं की निकेल झकास गुलाबी-लाल दिसतं.

निनहायड्रीन वापरणार असाल तर कागदाला उघडा हात लावू नका. घामात अमिनो आम्लं असतात, फवारल्यावर तुमच्याच बोटांचे ठसे जांभळे उठतात. गुन्हे तपासात कागदावरचे ठसे काढायला हेच रसायन वापरतात ते म्हणूनच.

डाग नीट येत नाहीत, शेपटासारखे ओढले जातात. का?

शेपूट आलं म्हणजे बहुतेक वेळा ठिपक्यात माल जास्त झालाय, अर्क पातळ करा किंवा कमी वेळा ठिपका द्या. सॉल्व्हंटची रेघ तिरकी गेली तर पट्टी तिरकी लटकलीय किंवा कडेने काचेला टेकलीय. डाग पसरट आणि धूसर असतील तर सुरुवातीचा ठिपका मोठा होता, ओलाच होता, किंवा सॉल्व्हंट टोकाला पोचल्यावरही पट्टी तशीच ठेवली गेली, मग डाग नुसते पसरत बसतात. आम्ल-अल्कधर्मी पदार्थ असतील तर त्यांची अर्धी मात्रा एका रूपात आणि अर्धी दुसऱ्या रूपात राहते म्हणूनही डाग ओढला जातो, सॉल्व्हंटमध्ये थोडं ॲसेटिक आम्ल किंवा अमोनिया घालतात त्यामागे हेच कारण.

सॉल्व्हंट आधी भराभर चढतो आणि मग रेंगाळतो. काही चुकलं का?

काही चुकलं नाही, ते तसंच असतं. दुप्पट उंची चढायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून खूप लांब पट्टी घेऊन उभं चालवण्यात अर्थ नाही. जास्त अंतर हवं असेल तर सॉल्व्हंटचं भांडं वर ठेवून कागद खाली सोडतात, त्याला उतरती पद्धत म्हणतात, त्यात गुरुत्वाकर्षणाची मदत मिळते. सावकाश चालणाऱ्या साखरांसाठी तर सॉल्व्हंट खालून ठिबकू देतात आणि रात्रभर चालवतात. मग आरएफ काढता येत नाही, ग्लुकोजच्या तुलनेत किती गेलं ते मोजतात.

गोल फिल्टर पेपरच्या मध्यभागी वात लावून केली तर रंगांची वर्तुळं पडतात. दिसायला फार सुरेख आणि झटपट होते, लहान मुलांना दाखवायला हीच घ्या.

मिश्रणात वीस-बावीस पदार्थ असतील तर?

एका दिशेने ते सुटणार नाहीत, एकमेकांवर चढून बसतील. अशा वेळी चौकोनी कागद घेऊन एका कोपऱ्यात ठिपका देतात, एका सॉल्व्हंटने एका दिशेला चालवतात, पूर्ण वाळवतात, कागद ९० अंशात फिरवतात आणि दुसऱ्या सॉल्व्हंटने परत चालवतात. पहिल्या वेळी जे एकत्र राहिले ते दुसऱ्या वेळी बऱ्याचदा सुटतात, आणि सगळ्या कागदभर डागांचा नकाशाच तयार होतो.

हे शोधलं कोणी? आणि याचा खरंच कशाला उपयोग झाला?

क्रोमॅटोग्राफीची सुरुवात मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केली, त्याने काचेच्या नळीत खडूची पूड भरून पानांतली रंगद्रव्यं वेगळी केली. कागदावरची आजची पद्धत आली १९४४ साली, इंग्लंडमध्ये लीड्स इथल्या लोकरीवर संशोधन करणाऱ्या संस्थेत कॉन्सडन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी ती मांडली, कारण त्यांना लोकरीच्या प्रथिनातली अमिनो आम्लं वेगळी करायची होती. त्याआधी १९४१ मध्ये आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी दोन द्रवांत वाटणी होण्याचं तत्त्व मांडलं होतं, त्यासाठी दोघांना १९५२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणि उपयोग विचाराल तर त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांचं जीवरसायनशास्त्र बऱ्याच अंशी या कागदावर उभं आहे. फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनचे तुकडे करून ते कागदावर वेगळे केले आणि त्यातल्या ५१ अमिनो आम्लांचा क्रम लावला, १९५८ चं नोबेल. अर्विन शारगाफ यांनी डीएनएमधले चार बेस कागदावर वेगळे करून मोजले आणि ॲडेनीनएवढंच थायमीन, ग्वानीनएवढंच सायटोसीन असतं हे दाखवलं, डीएनएची जोडीदार रचना समजायला हा फार मोठा धागा ठरला. मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवाळाला किरणोत्सारी कार्बन-१४ असलेला कार्बन डायऑक्साइड दिला, काही सेकंदांतच ते गरम अल्कोहोलमध्ये मारलं, अर्क दोन दिशांनी कागदावर चालवला आणि कागदावर एक्सरे फिल्म ठेवली. जिथे कार्बन-१४ पोचला तिथे फिल्म काळी पडली. वेळ वाढवत नेऊन कुठला पदार्थ आधी बनतो, कुठला नंतर, हे त्यांनी जुळवत नेलं आणि वनस्पती साखर कशी बनवतात ते उलगडलं, १९६१ चं नोबेल. तीनही ठिकाणी आधी डाग वेगळे झाले आणि मग एकेका डागाची ओळख चिवटपणे पटवली गेली.

प्रमाण किती आहे ते कळतं का?

अंदाजे कळतं. डाग मोठा आणि गडद म्हणजे माल जास्त, पण डोळ्याने आकडा सांगू नका. नीट मोजायचं तर डाग कापून घ्यायचा, थोड्या सॉल्व्हंटमध्ये भिजवून पदार्थ बाहेर काढायचा आणि त्या द्रावणाचा रंग कलरीमीटरवर, म्हणजे रंग किती गडद ते मोजणाऱ्या यंत्रावर, मोजायचा, सोबत माहितीच्या प्रमाणाचे नमुनेही त्याच वाटेने न्यायचे.

म्हणजे वेगळा झालेला पदार्थ परत मिळवता येतो?

येतो, पण मायक्रोग्रॅममध्ये. थोडा जास्त हवा असेल तर जाड कागद घेऊन ठिपक्याऐवजी आडवी पट्टीच लावतात.

आता टीएलसी आणि मोठी यंत्रं आहेत, मग कागद कशाला?

टीएलसी, म्हणजे काचेवर किंवा पत्र्यावर दिलेल्या पातळ थरावर केलेली क्रोमॅटोग्राफी, वेगवान आहे, डाग बारीक येतात आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लासारखं रसायनही फवारता येतं, कागदावर ते फवारलं तर कागदच काळा पडेल. रोजच्या लॅबच्या कामात टीएलसीने कागदाची जागा घेतली ती योग्यच आहे. पण साखरा आणि अमिनो आम्लांसारख्या पाणीप्रेमी पदार्थांना कागद अजूनही चांगला सांभाळतो, आणि शिकण्यासाठी तर याला तोड नाही. यंत्रात बटण दाबलं की आलेख येतो, इथे वेगळं होणं तुमच्या डोळ्यांसमोर घडतं.

लहान मुलांसोबत करताना काय काळजी घ्यायची?

पाणी, मीठ, स्केच पेन आणि खाण्याचे रंग यात काही धोका नाही. स्पिरिट, ॲसिटोन वापरणार असाल तर खिडकी उघडी, जवळ गॅस किंवा मेणबत्ती पेटलेली नको, आणि पट्टी विस्तवावर वाळवायची नाही. निनहायड्रीन, आम्लं, पेट्रोलियम ईथर हे फक्त लॅबमध्ये, हातमोजे घालून आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली. वापरलेला सॉल्व्हंट बेसिनमध्ये ओतू नका, लॅबमध्ये त्यासाठी वेगळी बाटली असते.

पट्टी जपून ठेवता येते का?

शाईची आणि खाण्याच्या रंगांची वाळवून वहीत ठेवली तर बराच काळ टिकते. पानाची मात्र उजेडात लवकर फिकी पडते, त्यामुळे वाळली की लगेच फोटो काढा आणि डागांभोवती पेन्सिलने गोल करून आकडे लिहून घ्या. निनहायड्रीनचे डागही हळूहळू उडतात. आणि पट्टीच्या वरच्या टोकाला तारीख, सॉल्व्हंट कुठला आणि कुठल्या प्रमाणात, कागद कुठला, खोलीचं तापमान किती, एवढं लिहा, तेही प्रयोग सुरू करायच्या आधीच.